वैद्य ऑटोवर टाकायचा नाही

मोहनदादा, आधी घरतकाकांचं नाव घेते. लिहायला बसले तुमच्यावर आणि पहिलं नाव दुसऱ्याचं, हे बरोबर दिसत नाही, माहीत आहे मला. पण ते नसते तर मी हे लिहिलंच नसतं. त्या रविवारी उठून गेले असते आणि परत तुमच्या दुकानाची पायरी चढले नसते. उरणचे घरतकाका, ज्यांचा जन्म बंदरावर कंटेनर राखण्यात गेला, जे तुमच्या खेळातल्या वैद्याला सदा 'मलमवाला' म्हणायचे, त्यांनीच तुमचा वैद्य राखला. हे आधी सांगून टाकते. कारण बाकीचं सांगताना मला राग येणार आहे, आणि रागात माणूस आभार मानायचे विसरतो.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळपासून आपल्या जुन्या गेमच्या ग्रुपवर फुलांचा ढीग पडायला लागला. एकाने तुमच्या फोटोखाली लिहिलं, 'गेम ओव्हर'. माझ्या मशीनवर कुणाची तरी पॅन्ट होती, खालून दुमडायची होती, ती मी तशीच ठेवून दिली. दुसऱ्याने लिहिलं, दादा पुढच्या लेव्हलला गेले. तुम्ही वाचलं असतंत तर त्याला बसवून सुनावलं असतंत, की बाबा रे, आपल्या खेळात लेव्हल म्हणजे जिना नव्हे, लेव्हल माणसाची असते, मार खाऊन खाऊन वाढते. तिसऱ्याने तर तुमची मतंच लिहून काढली, एकाखाली एक, दगडात कोरल्यासारखी. दादांचं म्हणणं, रस्त्याचा बाण दाखवणारा गेम हा गेमच नाही. दादांचं म्हणणं, ज्याला नकाशा स्वतः काढता येत नाही त्याने या खेळाला हात लावू नये. दादांचं म्हणणं, आपल्या वेळचे लोक डोक्याने खेळायचे, आताच्या पोरांना सगळं आयतं लागतं. आणि खाली रांगेने जोडलेले हात.

हे तुम्ही कधी म्हणालात? पूर्वी म्हणत असाल, मी नव्हते तेव्हा. मी आल्यावर तुम्ही बाणाबद्दल जे बोललात ते त्यात कुठेच नाही. माणूस जाऊन चार दिवस होत नाहीत आणि त्याचं म्हणणं लोक आपल्या मापाने कापायला बसतात. कापायचं काम माझं आहे, मला कळतं ते.

वहिनी हे वाचणार आहेत आणि त्यांना हे खेळ ठाऊक नाहीत, म्हणून दोन शब्द. हा जुन्या धाटणीचा खेळ. यात एक हिरो नसतो, चौघांची टोळी असते. तलवारवाली, तिरंदाज, चोर आणि वैद्य. तळघरं, जंगलं, राक्षस, आणि वाचायला ढीगभर इंग्रजी. बाकीचे लोक असा गेम एकटे खेळतात, चौघांना एकच जण हलवतो. तुमच्या दुकानात तसं नव्हतं. तुमच्याकडे एक पात्र म्हणजे एक माणूस. स्क्रीन एक, माऊस एक, खुर्च्या चार. ज्याच्या पात्राचा डाव येईल त्याच्या हातात माऊस जायचा. बाकीच्यांनी ओरडायचं तेवढं ओरडावं, पण माऊसला हात लावायचा नाही. नेरूळच्या मार्केटात, दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपच्या राशीत, रविवारी दुपारी तो माऊस असा गोल फिरायचा.

मी पहिल्यांदा आले ती तुमच्या बॅगेची चेन बदलून द्यायला. शेजारच्या अल्टरेशनच्या दुकानात नुकतीच कामाला लागले होते. हिंगोलीकडची, नववीत शाळा सुटलेली, आणि इथे कुणाशी काय बोलावं, बोललं तर लोक हसतील का, याची धास्ती. तुमच्या स्क्रीनवर चार माणसं कंदील धरून एका दरवाजापाशी उभी होती. मी बॅग द्यायची विसरून बघत राहिले. तुम्ही विचारलंत, वाचता येतं का. मला वाटलं चेष्टा करताय. म्हणाले, मराठी येतं, इंग्रजी एकेक अक्षर जोडून. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. तुमचा चौथा गडी नोकरी लागून पुण्याला गेला होता आणि ती जागा रिकामी होती.

दरवाजावर काहीतरी लिहिलेलं होतं. मी बोट ठेवून वाचायला लागले आणि फार वेळ लावला. शाळेत वाचायला अडलं की गुरुजी 'पुढचा' म्हणायचे. दुकानात मास्टर दिवसभर 'चल लवकर' म्हणतात. मी माऊस परत द्यायला लागले. तेव्हा तुम्ही म्हणालात,

"डाव तुझा आहे. तू माऊस सोडेपर्यंत तो राक्षससुद्धा हलत नाही. वाच निवांत."

दादा, माझ्यासाठी तोपर्यंत कुणी थांबलं नव्हतं. राक्षस तर सोडाच, साधा रिक्षावाला थांबत नाही. ग्रुपवर लोक भांडत बसतात की डावाडावाने चालणारी लढाई रटाळ, चालू वेळेत लढाई झाली पाहिजे आणि हवी तेव्हा थांबवता आली पाहिजे. आपल्या अनिकेतचंही तेच म्हणणं. सीवूड्सचा आयटीवाला मुलगा, डोकं भरभर चालतं त्याचं, त्याला वाट बघणं म्हणजे शिक्षा. तो म्हणायचा, दादा, जग पुढे गेलंय. तुम्ही म्हणायचात, जाऊ दे पुढे, आपण कविता वाचून होईपर्यंत थांबू. कविता म्हणजे मी. हे तुम्ही इतक्या सहज बोलायचात की मला लाज वाटायच्याऐवजी हसू यायचं.

आता मी बँकेतली इंग्रजी पाटी वाचून बरोबर खिडकीवर जाते. दवाखान्यात गोळ्यांची नावं वाचते. हे तुमच्यामुळे झालं. तुमच्या समोर कधी म्हणाले नाही, कारण म्हणाले असते तर तुम्ही विषय बदलून बॅटरी किंवा चार्जरचं काहीतरी काढलं असतंत.

पण पहिल्याच दिवशी आपलं भांडण झालं होतं, ते आठवतंय ना? पुण्याला गेलेल्याचं पात्र वैद्याचं होतं, म्हणून तुम्ही तिघांनी मला वैद्य दिला. मी विचारलं, हा काय करतो? अनिकेत म्हणाला, मागे उभा राहतो आणि सगळ्यांच्या जखमा भरतो, एकदम इम्पॉर्टंट. मी म्हणाले, मग तुमच्यातला कोणी का नाही घेत? घरतकाका खाली बघून मिशीतल्या मिशीत हसत होते. मी म्हणाले, बाई आली की मलमपट्टी, असं का? ते तर मी घरी करून आलेय. मला तलवार पाहिजे.

माझी मलाच भीती वाटली इतकं बोलल्यावर. आणि तुम्ही काय केलंत? स्वतःची तलवारवाली, जी तुम्ही किती काळ वाढवली होती, ती माझ्यापुढे सरकवलीत आणि वैद्य घेतलात. घरतकाका म्हणाले, "मोहन, तू आता मलमवाला जालास." तुम्ही म्हणालात, तिचं बरोबर आहे. सगळे म्हणतात वैद्याशिवाय टोळी चालत नाही आणि वैद्य व्हायला कोणी तयार नाही, ही खेळणाऱ्याची चूक नव्हे, खेळ बनवणाऱ्याची चूक आहे. त्याने एक काम असं करून ठेवलंय की ते कुणाला तरी करावंच लागतं आणि त्यात मजा काही ठेवलेली नाही.

मग ती मजा तुम्ही तुमची तुम्ही आणलीत. तुमचा डाव आला की तुम्ही आधी त्या माणसाकडे वळून विचारायचात, "लागलं का?" स्क्रीनवर आकडा दिसायचा की. कुणाला किती लागलंय ते लाल रंगात लिहिलेलं असायचं. तरी तुम्ही विचारायचात. घरतकाका चिडायचे, म्हणायचे, अरे आंधला हायस का, दिसतं ना. पण मी बघितलंय, कधीकधी ते 'नाय लागलं' म्हणायचे आणि तुम्ही औषध दुसऱ्याला द्यायचात, आणि काकांना तसं देऊ केलेलं सोडण्यात काय आनंद व्हायचा. हे त्या मतांमध्ये लिहिलंय का कोणी? नाही लिहिलेलं. ते लिहिणार नकाशाबद्दल.

बाणाचंही सांगते, कारण ते मला पोटात ठेवता येणार नाही. नव्या गेममध्ये वर एक बाण असतो, इकडे जा, तिकडे जा म्हणून. तुम्हाला तो सहन होत नव्हता. तुमचं म्हणणं, माणसाने शोधावं, चुकावं, कागदावर नकाशा काढावा. तेव्हा मी तुमच्यावर उखडले होते. म्हणाले, दादा, तुम्हाला इंग्रजी येत होतं. तुमच्याकडे गेमचं जाडजूड पुस्तक होतं. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याने काय फक्त चुकत राहायचं? मी इथे आले तेव्हा पहिल्या आठवड्यात सेक्टर शोधत फिरले. एका आकड्यानंतर पुढचा आकडा येईल असं समजून चालत राहिले, आणि पुढचा आकडा रेल्वेच्या पलीकडे. रस्त्यावर चिटपाखरू नाही, नुसत्या सोसायट्यांच्या भिंती. चुकण्यात मजा असते असं ज्याला घर जवळ आहे तोच म्हणतो.

तुम्ही त्यावर नुसता माऊस पुढच्याकडे सरकवलात. मला वाटलं दुखावलात. पुढच्या रविवारी दुकानात पाय ठेवते तोच तुम्ही बोलायला सुरुवात केलीत, आठवडाभर तेच घोळवत असल्यासारखी. म्हणालात, बाण नकोच, पण रस्ता विचारायला माणसं हवीत. गावात विचारलं की माणूस हात करून दाखवतो, चुकीचाही दाखवतो, पण आपल्याला विचारता येतं. खेळ बनवणाऱ्याने अशी माणसं ठेवली नाहीत म्हणून बाण आला. तुझं बरोबर होतं, असं तुम्ही अनिकेतसमोर, घरतकाकांसमोर म्हणालात. आणि आता कोणीतरी येऊन तुमच्या नावावर तुमचं जुनं मत चिकटवतो, जे तुम्ही स्वतः टाकून दिलं होतं, आणि मी ग्रुपवर लिहिलं की हे खरं नाही तर मलाच विचारतात, तुम्ही कोण? कोण म्हणजे काय? जिच्यामुळे ते मत बदललं ती मी.

एका वादात मात्र तुम्ही हलला नाहीत. तुमचं म्हणणं, टोळीतले सगळे जण खेळणाऱ्याने स्वतः घडवावेत. नाव, चेहरा, बस्स. ते बोलत नाहीत म्हणून आपण त्यांच्या वतीने बोलतो, आणि तीच गोष्ट होते. माझं म्हणणं उलटं. मला ते दुसऱ्या प्रकारचे गेम आवडतात, ज्यात टोळीतल्या प्रत्येकाचं आधीच लिहिलेलं आयुष्य असतं, ते रात्री शेकोटीला बसून आपलं सांगतात, आपापसात भांडतात, रुसतात. तुम्हीच मला जुना लॅपटॉप दुरुस्त करून त्यात तसला एक गेम घालून दिलात आणि वर नाकही मुरडलंत. मी कामोठ्याला ज्या खोलीत राहते तिथे आम्ही पाचजणी आहोत, सगळ्यांच्या ड्युट्या वेगळ्या, एक येते तेव्हा दुसरी झोपलेली. मुकी टोळी म्हणजे काय ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्या गेममध्ये माझ्या टोळीतली एक बाई माझ्या एका निर्णयावर चिडून कायमची निघून गेली. मी खरोखरची रडले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात. म्हणालात, "अगं, ती सगळ्यांनाच सोडून जाते. लिहून ठेवलंय तिच्यात तसं."

मला इतका संताप आला की मी त्या दिवशी चहा न घेता गेले. सगळ्यांना सोडून जाते म्हणून मला सोडून गेली ते खोटं होतं का? शेवटच्या रविवारी परत तोच विषय निघाला. मी विचारलं, तुमचा मुका वैद्य कुणाला 'लागलं का' विचारत नाही, तुम्ही विचारता. मग त्याच्या तोंडी ते बनवणाऱ्यानेच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? माझ्यासारखी एकटी खेळणारी जी आहे तिला कोण विचारणार? तुम्ही डाव्या खांद्यावर हात दाबत बसला होतात, ॲसिडिटी आहे म्हणालात. माझ्याकडे बघून म्हणालात, "याला उत्तर आहे माझ्याकडे. पुढच्या रविवारी."

काय होतं ते उत्तर? मी शिवताना विचार करते, रस्त्याने विचार करते. स्वतःच दोन-तीन उत्तरं तुमच्या आवाजात तयार केली आणि स्वतःच खोडून काढली. हे वागणं झालं का, दादा? वाद अर्धा ठेवून जायचं? सगळ्यांना विचारत फिरणाऱ्या माणसाने स्वतःचा खांदा दुखतोय तर दवाखाना गाठायचा की पित्ताची गोळी चघळायची? वहिनी त्या दिवसापासून हेच म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं तर मी तुमच्यापर्यंत पोचवणारच.

आता त्या रविवारचं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनींनीच निरोप दिला, की दुकानाचं काय करायचं ते नंतर बघू, पण तुम्ही तिघं रविवारी बसत जा, शटर बंद बघवत नाही. म्हणून आम्ही बसलो. गेम जिथे सोडला होता तिथेच होता, तळघराच्या दाराशी चौघं उभे. घरतकाकांचा तिरंदाज, ज्याला त्यांनी 'नाखवा' नाव दिलंय. अनिकेतचा चोर, 'शॅडो'. माझी तलवारवाली. आणि मागे तुमचा वैद्य. पहिल्याच खोलीत उंदीर निघाले. उंदीर म्हणजे काहीच नाही, पण डाव सगळ्यांचा येतोच. अनिकेतचा आला, काकांचा आला, माझा आला. मग वैद्याचा आला आणि माऊस टेबलावर पडून राहिला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. तुमचा खेळ खरंच थांबतो. उंदीरही थांबले.

अनिकेत म्हणाला, ऑटोवर टाकू या का? या गेममध्ये ती सोय आहे, कॉम्प्युटरच त्या पात्राला हलवतो. तुम्ही ती सोय आयुष्यात वापरली नाहीत. तुम्ही म्हणायचात, ज्याला स्वतः हलवायचं नाही त्याने टोळी घेऊन फिरू नये. मी म्हणाले, अजिबात नाही. अनिकेत म्हणाला, "ताई, मग काय करायचं? काढून टाकू त्यांना टोळीतून? ऑटोवर तरी ते आपल्यासोबत राहतील." तो वाईट मुलगा नाही. दवाखान्यात सगळी धावपळ त्यानेच केली. पण मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की मी पर्स उचलली. सोबत राहतील म्हणजे काय, मोलकरणीसारखे मागून चालतील? न विचारता मलम लावत?

तोवर त्याने बटण दाबलं होतं.

तुमचा वैद्य हलला, दादा. कुणी हात न लावता. शॅडोला उंदराने जरासं ओरबाडलं होतं, लाल आकडाही नीट दिसत नव्हता इतकं. वैद्य सरळ त्याच्यापाशी गेला, पिशवी उघडली आणि बाटली काढली. ती बाटली. अख्ख्या गेममध्ये एकदाच मिळणारी, मेलेल्याला उठवणारी, जी तुम्ही माझी तलवारवाली दोनदा पडली तरी काढली नव्हतीत. मी तुम्हाला कंजूष म्हणाले होते, अजूनही म्हणते. तुम्ही म्हणायचात, ही वेळ नव्हे, खरी वेळ आली की काढीन. वैद्याने ती उंदराच्या ओरखड्यावर ओतली.

घरतकाका बोलले, अगदी हळू.

"हा मोहन नाय. मोहन कोनाला इचारल्याशिवाय औषद देत नवता."

अनिकेतचे डोळे भरले. म्हणाला, मागचं सेव्ह लोड करतो, बाटली परत येईल. आणि बघा, हाही तुमचाच नियम, की मागे जायचं नाही, जे झालं ते घेऊन पुढे चालायचं. मी त्यावर तुमच्याशी किती भांडले होते. म्हणायचे, मागे जायची सोय दिलीय तर वापरायची का नाही? तुम्ही म्हणायचात, मग डावाला किंमत काय राहिली? त्या दिवशी मी म्हणाले, कर लोड. काकांनी मान डोलावली. आम्ही मागे गेलो, परत तळघराच्या दाराशी, बाटली तुमच्या पिशवीत परत आली, ऑटो बंद झालं. तुमचा नियम मोडला आम्ही. रागवायचं तर रागवा. खरं सांगते, हा वाद मी तुमच्याशी जिंकले आणि मला त्याचं काही वाटलं नाही, कारण नको म्हणायला समोर कोणी नव्हतं.

पण उंदीर आत तसेच होते आणि वैद्याचा डाव परत येणारच होता. घरतकाकांनी माऊस घेतला. आम्हाला वाटलं नाखव्याला पुढे काढायला घेतला. त्यांनी टोळी वळवली आणि तळघरातून वर, गावात, मुक्कामाच्या सरायमध्ये नेली. तिथे टोळीतला कोणी नको असेल तर त्याला ठेवून देता येतं. मी विचारलं, काका, काय करताय? नाखवा, ज्याचं धनुष्य मिळवायला त्यांनी आपल्याला सगळं जंगल परत पालथं घालायला लावलं होतं, ज्याच्या मिशा स्वतःच्या मिशांसारख्या करायला त्यांनी पहिला अख्खा रविवार घालवला होता, त्याला त्यांनी सरायच्या बाकावर बसवलं आणि टोळीतून काढला. नियमच आहे ना आपला, एका माणसाला एकच पात्र. मग त्यांनी खुर्ची सरकवून तुमच्या बाजूला घेतली.

"आता मी मलमवाला," म्हणाले. "कोन हसंल त्याला मिरचीसारका ठेचीन."

कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच हसले. मग आम्ही पण.

तळघरात परत उतरलो. चौघांच्या जागी तिघं. उंदरांनी आम्हाला चांगलंच चावलं, कारण मागून बाण सोडणारं कोणी राहिलं नाही. वैद्याचा डाव आला. काकांना त्या पिशवीतलं काही वाचता येईना, चष्मा वरखाली करत होते. मी शेजारून एकेक नाव वाचून दाखवलं, हे रक्त थांबवायला, हे विषाला, ही ती बाटली, हिला हात नाही लावायचा. अनिकेतने घड्याळ बघितलं नाही, पाय हलवला नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं 'लागलं का' हे ते म्हणणार नाहीत, ते शब्द तुमचे आहेत. त्यांनी म्हटलेही नाहीत. नुसती भुवई वर केली. मी म्हणाले, थोडं लागलंय, चालेल.

दादा, मला अजून राग आहे. ग्रुपवाल्यांवर आहे, ज्यांना तुमचा फोटो पाहिजे पण तुम्ही बदललेले नको. खेळ बनवणाऱ्यांवर आहे, ज्यांनी ऑटोचं बटण ठेवलं पण खुर्ची रिकामी झाली तर काय करायचं याचा विचार ठेवला नाही. तुमच्यावर तर आहेच. ते उत्तर तुम्ही मला देणं लागता आणि मी ते माफ करणार नाही. वैद्य मी घेणार नाही, हेही सांगते. तुम्ही गेलात म्हणून माझं त्या कामाबद्दलचं मत बदललं, असं कुणी उद्या माझ्या नावावर चिकटवू नये.

पण घरतकाकांचं मला झोपताना आठवतं. आता ते दर रविवारी उरणहून येतात, वाकडं तोंड करून माझ्या जखमा भरतात, कधी चुकीचंच औषध देतात. आणि खेळ संपवून उठताना, आम्ही बॅगा भरत असतो तेव्हा, ते एकदा सरायमध्ये जाऊन येतात. नाखवा बाकावर बसलेला असतो. ते माऊस त्याच्यावर नेतात, त्याचं नाव वर येतं, तेवढं बघतात आणि बंद करतात. त्यांना वाटतं आमचं लक्ष नाही.

म्हणून हे तुमच्यासमोर ठरवते. चौथं माणूस मी शोधून आणणार आहे. कुठून आणीन माहीत नाही. मला अनोळखी माणसाशी बोलायची अजून धास्ती वाटते, चारदा मनात घोळवल्याशिवाय शब्द निघत नाही. तरी आणीन. त्याला वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवीन, कितीही वेळ लागला तरी. वैद्य त्याच्या गळ्यात मारणार नाही, माझ्या मारत होतात तसा. त्याने आपणहून मागितला तरच. नाही मागितला तर दुसरा शोधीन. आज ना उद्या असा कोणीतरी येईल, आणि त्या रविवारी काकांना काही न सांगता मी टोळी आधी सरायकडे नेईन, नाखव्याला बाकावरून उठवीन, आणि माऊस घरतकाकांच्या हातात देईन.